पहाटे ३ चं अपडेट आणि पहाटे ३ ला बंद असलेला संगणक

सगळं नीट लावलेलं असतं. ऑटोमॅटिक अपडेट चालू, वेळ पहाटे ३ ची, तीही मुद्दाम निवडलेली, कुणाच्या कामात लुडबुड नको म्हणून. मग तीनेक महिन्यांनी भलत्याच कामासाठी त्या मशीनसमोर बसावं आणि कळावं की ब्राउझर तीन महिने जुना आहे, कर्नलही (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तेव्हाचाच, आणि लॉगमध्ये औषधालासुद्धा एरर नाही. माझ्या बाबतीत हे दोनदा झालं. पहिल्यांदा हाताने अपडेट केलं आणि विसरून गेलो. दुसऱ्यांदा स्वतःचाच राग आला, म्हणून मुळापर्यंत गेलो.

एरर का नव्हती? कारण एरर यायला आधी काहीतरी चालावं लागतं. पहाटे ३ ला ते मशीन बंद असायचं, रोजच. ठरलेली वेळ यायची, निघून जायची, आणि ती आली होती हे सांगायला तिथे कुणी जागं नसायचं.

रात्रंदिवस चालणाऱ्या सर्व्हरवर हे कधी दिसत नाही. लॅपटॉप, फक्त तासापुरते उघडणारे लॅबमधले संगणक, अडगळीत पडलेला पण अधूनमधून लागणारा डेस्कटॉप, एकाच डिस्कवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम असलेलं मशीन, हे सगळे या दुखण्याचे कायमचे रोगी. आणि दुखणं फिरून फिरून येतं, कारण नेटवर मिळणारे बहुतेक उपाय निम्मेच असतात. एक चौकट टिक केली की लोक निर्धास्त होतात, पुढच्या वेळी अपडेट वेगळ्याच ठिकाणी अडकतं.

आधी बघा: अडलंय कुठे

काहीही बदलण्याआधी एक निदान करा. अपडेट चार ठिकाणी मरू शकतं. एक, ते सुटलंच नाही. दोन, सुटलं पण बॅटरीवर आहे किंवा नेट मोजून-मापून आहे म्हणून मागे फिरलं. तीन, सुटलं, पण नेट यायच्या आधी. चार, सगळं उतरवलं, बसवलंही, पण रीस्टार्ट न झाल्यामुळे जुनंच चाललंय. चारही प्रकारांत बाहेरून लक्षण एकच दिसतं, जुनं सॉफ्टवेअर. औषधं मात्र चार वेगळी.

लिनक्सवर सिस्टमडी (मागे चालणारी कामं सुरू-बंद करणारा कारभारी) असेल तर त्याच्या सिस्टमसीटीएलची 'लिस्ट-टायमर्स' ही कमांड द्या. 'लास्ट' या रकान्यात शेवटची तारीख दिसते. तो रकाना रिकामा असेल तर पहिला प्रकार. तारीख कालची आहे आणि तरी पॅकेजं (म्हणजे बसवलेले प्रोग्रॅम) जुनी, तर जर्नलसीटीएल या लॉग दाखवणाऱ्या कमांडने अपडेट करणाऱ्या सर्व्हिसचा लॉग उघडा. 'स्किप्ड' आणि 'अनमेट कंडिशन' असे शब्द दिसले तर दुसरा प्रकार, सर्व्हरचं नाव सापडलं नाही अशी तक्रार दिसली तर तिसरा. विंडोजवर टास्क शेड्यूलरमध्ये 'लास्ट रन टाइम' आणि 'लास्ट रन रिझल्ट' बघा. मात्र तिथला हिस्टरी टॅब मुळात बंद असतो, उजवीकडच्या यादीतून 'एनेबल ऑल टास्क्स हिस्टरी' करावं लागतं. ते आजच करून ठेवा. दुखणं परत आलं की तेव्हा हिस्टरी हाताशी नसते, हा माझा अनुभव.

क्रॉनला कालचं काही आठवत नाही

क्रॉन म्हणजे ठरलेल्या वेळी कामं चालवणारा जुना प्रोग्रॅम. तो १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही होता. ती मशिनं कुणी संध्याकाळी बंद करून घरी जायचं नाही. म्हणून क्रॉनचं वागणं सरळ आहे: दर मिनिटाला उठायचं, यादीत या मिनिटाचं काम आहे का बघायचं, असेल तर करायचं. मागचं मिनिट हुकलं का, हा प्रश्न त्याला पडतच नाही. म्हणून 'रोज ३ वाजता' हे वाक्य क्रॉनच्या लेखी 'रोज ३ वाजता, मी जागा असलो तर' असं असतं.

यावर सगळ्यात आधी सुचणारा उपाय म्हणजे वेळ बदलणं. ३ ऐवजी सकाळी ११. मीही तेच केलं होतं. पंधरा दिवस छान चाललं, मग त्या संगणकाची वापरायची वेळ दुपारवर गेली आणि परत तेच. दुसरा उपाय म्हणजे क्रॉनमधली 'रीबूट' ही खास खूण, म्हणजे दर वेळी चालू झाल्यावर काम करायचं. इथे दोन अडचणी. दिवसातून पाच वेळा चालू-बंद होणाऱ्या मशीनवर पाच वेळा अपडेट सुरू होतं, ऐन कामाच्या वेळी. आणि जो लॅपटॉप नुसता झाकण लावून झोपवला जातो, तो महिना महिना रीबूटच होत नाही. तिथे हे काम महिन्यातून एकदा, तेही झालं तर.

अ‍ॅनाक्रॉन याच दुखण्यासाठी निघालं. ते घड्याळ बघत नाही, दिवस मोजतं. प्रत्येक कामाची एक छोटी फाइल ठेवतं आणि तीत ते काम शेवटचं कधी झालं ती तारीख लिहितं. नेमून दिलेल्या दिवसांहून जास्त दिवस गेले असतील तर काही मिनिटं थांबून काम सुरू करतं. डेबियन या लिनक्सच्या अवतारात रोजच्या कामांना ५ मिनिटं आणि आठवड्याच्या कामांना १० मिनिटं थांबा असतो, म्हणजे बूट होताना सगळं एकदम डिस्कवर तुटून पडत नाही. मला अ‍ॅनाक्रॉन आवडतं. पण दोन गोष्टी ठाऊक हव्यात. ते तारीख लिहितं काम संपल्यावर, पण काम यशस्वी झालं की फसलं याचं त्याला सोयरसुतक नाही. आणि डेबियनच्या वाटेवरच्या सिस्टिम्समध्ये ते बॅटरीवर चालतच नाही, तसं चालवायला सेटिंग मुद्दाम बदलावं लागतं.

'पर्सिस्टंट' लावलं, तरी का होत नाही?

हल्लीच्या लिनक्सवर क्रॉनची जागा बव्हंशी सिस्टमडीच्या टायमरने घेतली आहे. त्यात 'पर्सिस्टंट' नावाची ओळ असते. ती 'ट्रू' केली की सिस्टमडी टायमर शेवटचा कधी वाजला त्याचा शिक्का डिस्कवर ठेवतो, आणि बंद असताना वेळ हुकली असेल तर चालू झाल्यावर काम सोडतो. बहुतेक सल्ले इथेच संपतात. खरी मजा मात्र इथून पुढे आहे.

पहिली गोम: 'पर्सिस्टंट' फक्त 'ऑन-कॅलेंडर' या प्रकारच्या टायमरला लागू पडतं. 'बूटनंतर १५ मिनिटांनी' किंवा 'मागच्या वेळेनंतर २४ तासांनी' असं लिहिलं असेल तर ती ओळ नुसती शोभेची. त्यातला '२४ तासांनी'वाला टायमर तर लॅपटॉपवर भलताच फसवा आहे. त्याचं आतलं घड्याळ लॅपटॉप झोपला की थांबतं. दिवसाला तीन तास जागा असणाऱ्या लॅपटॉपवर हे २४ तास भरायला आठ दिवस लागतात, आणि मध्ये रीबूट झालं तर मोजणी पहिल्यापासून.

दुसरी गोम सापडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. उबुंटू आणि डेबियनमध्ये पॅकेजांच्या याद्या ताज्या करणारा टायमर म्हणजे 'एपीटी-डेली' (एपीटी हे तिथलं पॅकेजं उतरवणारं आणि बसवणारं साधन). त्याची वेळ सकाळी ६ आणि संध्याकाळी ६. 'पर्सिस्टंट' आहेच. पण त्याला जोडून १२ तासांचा रँडम डिले आहे. जगभरची मशिनं एकाच मिनिटाला सर्व्हरवर धडकू नयेत म्हणून ही सोय केलेली आहे, आणि ती रास्तच. मात्र हुकलेली वेळ भरून काढतानाही हा डिले लागू होतो. म्हणजे संगणक चालू झाला, टायमरला कळलं की सकाळची फेरी चुकली, आणि तो म्हणतो: ठीक आहे, आतापासून ० ते १२ तासांत केव्हातरी करतो.

आता संगणक दिवसाला दोनच तास चालू असेल तर हिशेब करा. बारा तासांतून निघालेला आकडा पहिल्या दोन तासांतला असण्याची शक्यता सहात एक. नाही निघाला, तर संगणक बंद, आणि पुढच्या बूटला नवा आकडा. रोज फासा टाकल्यासारखं. सलग दहा दिवस नंबर न लागण्याची शक्यता साधारण १६ टक्के येते. म्हणजे अशी सहा मशिनं असतील तर त्यांतलं एखादं दहा दिवस कोरडंच राहणार. कुठेच काही बिघडलेलं नसताना.

यावर कडी म्हणजे अपडेट बसवणारा टायमर वेगळा आहे, 'एपीटी-डेली-अपग्रेड'. त्याचा रँडम डिले फक्त ६० मिनिटांचा, त्यामुळे तो दोन तासांच्या बैठकीत नियमाने वाजतो. तो वाजतो, जुन्या यादीत बघतो, नवीन काही नाही असं ठरवतो आणि समाधानाने झोपतो. लॉगमध्ये रोज 'अपग्रेड करण्याजोगं काही नाही' अशी नोंद. वाचणाऱ्याला वाटतं, वा, सगळं ताजं आहे. हा लॉग मी स्वतः वाचून निश्चिंत झालो होतो, म्हणून एवढ्या पोटतिडकीने लिहितोय.

उपाय दोन ओळींचा आहे. मूळ फाइलला हात लावू नका, पुढच्या अपडेटला ती बदलली जाईल. सिस्टमसीटीएल एडिट या कमांडने 'एपीटी-डेली' टायमरवर आपली छोटी फाइल चढवा, तीत 'टायमर' या विभागाखाली रँडम डिले १० मिनिटं करा. वेळही बदलायची असेल तर आधी 'ऑन-कॅलेंडर' ही ओळ रिकामी द्या, मग नवीन वेळ लिहा. रिकामी ओळ दिली नाही तर जुनी आणि नवी दोन्ही वेळा लागू होतात. तुमच्या सिस्टिममध्ये नेमका किती डिले आहे ते सिस्टमसीटीएल कॅट या कमांडने दिसेल. आधी ते बघा, मग बदला.

नेट यायच्या आधी सुटलेला बाण

डिले कमी केला की तिसरी गोम समोर येते. संगणक चालू होताक्षणी काम सुटतं आणि वाय-फाय अजून जोडलं गेलेलं नसतं. अपडेट फसतं. यात दुखरी गोष्ट ही की सिस्टमडीचा शिक्का टायमर वाजला तेव्हाच पडलेला असतो. काम फसलं म्हणून तो पुसला जात नाही. पुढची संधी थेट पुढच्या ठरलेल्या वेळी. बॅटरीच्या अटीमुळे मागे फिरलेल्या कामाचंही तेच: शिक्का पडला, काम झालं नाही.

यावर 'नेटवर्क-ऑनलाइन टार्गेटच्या नंतर चालव' असं सर्व्हिसमध्ये लिहितात. टार्गेट म्हणजे 'इथवर पोचलो' अशी सिस्टमडीची खूण, इथे नेट जोडलं गेल्याची. ते लिहा, त्याच टार्गेटची 'वॉन्ट्स' ओळही लिहा, पण विसंबून राहू नका. हे टार्गेट बूटच्या वेळी एकदा गाठलं जातं आणि मग गाठलेलंच राहतं. लॅपटॉप झोपेतून उठला, वाय-फाय अजून चाचपडतंय, आणि टायमरने विचारलं 'नेट आलं का?', तर उत्तर मिळतं 'कधीच आलंय', सकाळच्या बूटच्या आठवणीवर. शिवाय वाय-फायचा पासवर्ड एखाद्या युजरच्या खात्यात साठवलेला असेल तर लॉगिन होईपर्यंत नेट येतच नाही. ते कनेक्शन सगळ्या युजरसाठी खुलं केलं की हा भाग सुटतो.

मला उपयोगी पडलेला मार्ग म्हणजे काम करणाऱ्या स्क्रिप्टनेच नेटची वाट बघणं. दर १० सेकंदांनी सर्व्हरचं नाव सापडतंय का बघायचं, पाच मिनिटांत नाही सापडलं तर चूक दाखवून बाहेर पडायचं. सिस्टमडीच्या नव्या आवृत्त्यांत एकदाच चालणाऱ्या सर्व्हिसलाही 'फसली तर पुन्हा चालव' असं सांगता येतं. मध्ये १० मिनिटांचं अंतर ठेवा.

शिक्का कधी मारायचा

एवढं खणल्यावर माझ्या लक्षात आलं की क्रॉन, अ‍ॅनाक्रॉन आणि टायमर, तिघांकडून माझी अपेक्षाच चुकीची होती. मला हवी होती 'शेवटचं यशस्वी अपडेट होऊन किती दिवस झाले' या प्रश्नावर चालणारी यंत्रणा. ते तिघे उत्तर देतात ते 'शेवटचा प्रयत्न कधी झाला' या प्रश्नाचं, आणि क्रॉन तर तेवढंही नाही.

म्हणून आता माझ्या मशिनांवर टायमर दर तासाला वाजतो, दिवसा-रात्री केव्हाही. त्याने चालवलेली स्क्रिप्ट आधी स्वतःची शिक्का-फाइल बघते. ती तीन दिवसांहून ताजी असेल तर काहीही न करता बाहेर. हे एवढं हलकं काम आहे की तासाला एकदा झालं तरी जाणवत नाही. शिळी असेल तर चार्जर लावलाय का बघायचं, नेटची वाट बघायची, याद्या ताज्या करायच्या, अपडेट बसवायचं, आणि सगळं धड झालं तरच शिक्का मारायचा. मध्ये काहीही फसलं, वीज गेली, कुणी झाकण मिटलं, तर शिक्का जुनाच राहतो आणि तासाभराने किंवा पुढच्या बूटला पुन्हा प्रयत्न. वेळ निवडायची भानगडच संपली. दोन प्रती एकदम चालू नयेत म्हणून सुरुवातीला एफ-लॉक लावा.

'सगळं धड झालं' हे ठरवताना एपीटी एक चकवा देतं. याद्या ताज्या करणारी 'अपडेट' कमांड काही याद्या उतरल्या नाहीत तरी नुसता इशारा छापते, 'जुन्याच वापरतो' म्हणते, आणि बाहेर पडताना शून्य परत करते, म्हणजे यश. तुमची स्क्रिप्ट तो शून्य बघून शिक्का मारणार. म्हणून एपीटीला 'अपडेट एरर-मोड एनी' हा पर्याय देऊन चालवा, मग एक यादी फसली तरी कमांड फसल्याचं कळवते. याशिवाय वरची सगळी मेहनत वाया. लिनक्सच्याच फेडोरा घराण्यात आपोआप अपडेट करायला डीएनएफ-ऑटोमॅटिक आहे. तिथे 'अप्लाय अपडेट्स' हे मुळात 'नो' असतं, म्हणजे ते उतरवून ठेवतं पण बसवत नाही. हे अनेकांना माहीत नसतं.

विंडोज

विंडोजमध्ये दोन वेगळी प्रकरणं आहेत: तुम्ही टास्क शेड्यूलरमध्ये लावलेलं काम, आणि विंडोज अपडेट स्वतः.

टास्क शेड्यूलरमध्ये सोप्या विझार्डने काम बनवलं की दोन गोष्टी आपसूक तुमच्या विरोधात लागतात. 'कंडिशन्स' टॅबमध्ये 'फक्त एसी पॉवरवर असेल तरच सुरू कर' ही चौकट टिक केलेली असते. 'सेटिंग्ज' टॅबमध्ये 'शेड्यूल्ड स्टार्ट मिस झाला तर शक्य तितक्या लवकर चालव' ही चौकट रिकामी असते. दुसरी टिक करा. ही चौकट म्हणजे विंडोजचं 'पर्सिस्टंट'. हुकलेलं काम लगेच सुटत नाही, साधारण १० मिनिटं थांबून सुटतं, त्यामुळे 'टिक केलं तरी होत नाही' म्हणण्याआधी थोडा दम धरा. 'कंडिशन्स'मध्येच नेटवर्क असेल तरच सुरू करायची सोय आहे, तीही घ्या. बॅटरीची चौकट काढायची की नाही हे मशीन बघून ठरवा. जो लॅपटॉप कायम बॅटरीवरच वापरला जातो त्याची काढावी लागतेच, पण मग अपडेटच्या मध्यावर बॅटरी संपण्याचा धोका तुमचा.

विंडोज अपडेट आपलं आपण वेळापत्रक सांभाळतं, आणि 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' लावून त्याला रीस्टार्टपासून दूर ठेवता येतं. ही वेळ जास्तीत जास्त १८ तासांची ठेवता येते. पण अधूनमधून चालणाऱ्या मशीनचा प्रश्न तिथे नाहीच. मायक्रोसॉफ्टने २०२२ च्या सुरुवातीला सांगितलेला हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे: अपडेट आल्यानंतर मशीन एकूण किमान ६ तास, आणि त्यांतले किमान २ तास सलग, चालू आणि नेटवर असेल तरच ते अपडेट भरवशाने बसतं. म्हणजे रोज वीस मिनिटं ईमेल बघून बंद होणारा संगणक कितीही दिवस वापरला तरी सलग दोन तास त्याच्या नशिबी येत नाहीत. इथे कोणतंही सेटिंग कामी येत नाही. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अपडेट्स येतात. त्यानंतरच्या एखाद्या दिवशी मशीन चार्जरला लावून, स्लीप बंद करून, अर्धा दिवस चालू ठेवा. ओबडधोबड उपाय आहे, पण लागू पडतो.

आणि 'फास्ट स्टार्टअप'. हे चालू असेल तर 'शट डाउन' म्हणजे पुरतं बंद होणं नसतं. विंडोज आपला गाभा डिस्कवर साठवून झोपतं आणि सकाळी तोच उचलून पुढे चालू लागतं. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' टॅबमध्ये 'अप टाइम' बघा. रोज बंद होणाऱ्या संगणकावर तिथे ११ दिवस दिसले तर समजा फास्ट स्टार्टअप आहे. रीस्टार्टची वाट बघणारी अपडेट्स अशा मशीनवर ताटकळत राहतात. 'रीस्टार्ट' म्हटलं की मात्र खरंच पहिल्यापासून सुरुवात होते. शिफ्ट दाबून शट डाउन केलं तरीही पूर्ण बंद होतं.

मॅकबद्दल थोडक्यात. तिथे लाँच-डी हे काम बघतं. ठरलेल्या वेळी मॅक झोपलेला असेल तर जागा झाल्यावर ते काम एकदा होतं, चार वेळा हुकलं असलं तरी एकदाच. पूर्ण बंद असेल तर मात्र ती वेळ गेली ती गेली. मॅकवर क्रॉन लावणाऱ्यांना झोपेतली ही सोयही मिळत नाही.

पहाटे उठवायचंच असेल तर

काहींना खरोखरच रात्रीच हवं असतं. लिनक्सच्या टायमरमध्ये 'वेक-सिस्टम' आहे, विंडोजच्या टास्कमध्ये 'वेक द कॉम्प्युटर' आहे, सोबत पॉवर ऑप्शन्समध्ये 'वेक टायमर्स'ला परवानगी लागते. हे झोपलेल्या मशीनला उठवतं. पूर्ण बंद मशीन उठवायला बायोसमधला आरटीसी अलार्म (मदरबोर्डवरच्या घड्याळाचा गजर) लागतो, तो बहुतेक डेस्कटॉपवर असतो. आणि या सगळ्यावर पाणी फिरवणारी एक गोष्ट लॅबमध्ये हमखास होते: शेवटी जाणारा माणूस भिंतीवरचं मुख्य बटणच बंद करून जातो. मग अलार्म वाजला तरी मशीन उठणार कशाच्या जोरावर? बॅगेत बंद असलेल्या लॅपटॉपवर तर हे लावूच नका, तो बॅगेतच तापत बसेल.

बंद करायची घाई

कमी वेळ चालणाऱ्या मशीनवर अपडेट आणि 'शट डाउन' यांची गाठ वारंवार पडते. स्क्रीनवर 'बंद करू नका' आलं की कुणीतरी पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरतंच. डेबियन-उबुंटूवर याचा परिणाम म्हणजे अर्धवट बसलेली पॅकेजं, आणि त्यानंतर प्रत्येक ऑटोमॅटिक अपडेट तिथेच ठेचकाळतं. डीपीकेजीला (एपीटीच्या खाली पॅकेजं प्रत्यक्ष बसवणारं साधन) 'कॉन्फिगर' आणि 'ए' हे पर्याय देऊन चालवलं की राहिलेलं काम बहुधा पूर्ण होतं. लॉकची फाइल हाताने उडवायचा सल्ला दिसला तर तो घेऊ नका. लॉक धरून बसलेली प्रक्रिया खरंच जिवंत असू शकते, आणि मग डेटाबेसच बिघडतो. अनअटेंडेड-अपग्रेड्समध्ये (डेबियन-उबुंटूवर आपोआप अपडेट बसवणारा प्रोग्रॅम) 'मिनिमल स्टेप्स' चालू ठेवा, म्हणजे काम छोट्या तुकड्यांत होतं आणि मध्येच बंद करायची वेळ आली तर चालू तुकडा संपवून थांबता येतं. आपल्या स्क्रिप्टला सिस्टमडी-इनहिबिटखाली चालवलं तर अपडेट चालू असताना स्लीप आणि शटडाउन अडतात. पाच सेकंद दाबलेल्या बटणापुढे अर्थात त्याचंही काही चालत नाही.

घड्याळच चुकलं असेल तर

वरचं सगळं केलं आणि तरी विचित्र वागतंय, तर तारीख बघा. बरीच वर्षं पडून राहिलेल्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी संपलेली असते, आणि बूट झाल्यावर तो काही वर्षं मागे असतो. मग प्रमाणपत्रं अवैध वाटतात, एपीटी म्हणतं की ही यादी अजून लागूच झालेली नाही, आणि नेटवरून वेळ दुरुस्त होईपर्यंत अपडेट फसून मोकळं झालेलं असतं. लिनक्स आणि विंडोज एकाच मशीनवर असतील तर आणखी एक झमेला: विंडोज मदरबोर्डचं घड्याळ स्थानिक वेळेवर धरतं, लिनक्स यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. एकातून दुसऱ्यात गेलं की वेळ काही तासांनी सरकते. दोन्हींना एकच पद्धत सांगून टाका, शक्यतो यूटीसी.

चालतंय का, हे तपासायचं कसं

नवीन जोडणी केल्यावर आठवडाभर वाट बघत बसू नका. शिक्का-फाइलची तारीख टच कमांडने दहा दिवस मागे न्या, वाय-फाय बंद करून संगणक रीबूट करा, दहा मिनिटं तसाच ठेवा. लॉगमध्ये 'नेट नाही, बाहेर पडतो' अशी नोंद आणि शिक्का जुनाच, असं दिसलं पाहिजे. मग वाय-फाय लावा आणि पुढच्या तासाची वाट बघा. अपडेट होऊन शिक्का आजचा झाला पाहिजे. हीच चाचणी एकदा चार्जर काढून आणि एकदा झाकण मिटून करा. माझ्याकडे पहिल्या चाचणीत शिक्का नेट नसतानाच ताजा झाला होता. एरर-मोडचा तो पर्याय लिहायला मीच विसरलो होतो.